समोरच्या खोलीतला पंखा

यांना नागपूरच्या दवाखान्यातून बालाघाटला घरी आणलं तेव्हा लग्नसराई सुरू होती. आमच्या गल्लीच्या तोंडाशी कुणाच्या तरी लग्नाचा मांडव घातला होता, त्यामुळे गाडी दारापर्यंत आली नाही. जावई आणि शेजारचे भाईसाहेब, दोघांनी यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि खुर्चीसकट उचलून आणलं. मी बाजूने चालत होते. यांचा उजवा हात मांडीवरून घसरून लोंबायचा, मी तो उचलून परत मांडीवर ठेवायची. मांडवातल्या आचाऱ्यांनी भांडी सरकवून वाट करून दिली.

समोरच्या खोलीतल्या दिवाणावर यांना निजवलं. निजल्यावर यांनी आधी छताकडे पाहिलं. पंखा फिरत होता. मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हौ."

अर्धांगाच्या झटक्यात उजवी बाजू गेली होती आणि वाचाही. मोठ्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं, यांना कळतं सगळं, पण शब्द सापडत नाहीत. कधी कधी एखादाच शब्द शिल्लक राहतो आणि माणूस सगळ्याला तोच वापरतो. यांच्याजवळ 'हौ' राहिला. आमच्या बोलीत हो म्हणायचं असलं की हौ म्हणतात. पाणी हवं असलं तरी हौ, नको असलं तरी हौ, राग आला तरी हौ. मानेचंही तसंच झालं होतं. होकार द्यायला जायचे आणि मान आडवी हलायची, मग स्वतःच वैतागून तोंड भिंतीकडे करायचे.

वाचेच्या उपचारासाठी एक मुलगी घरी यायची. गोड मुलगी होती. चित्रं छापलेले पत्ते ती यांच्यासमोर धरायची. "बाबूजी, ये क्या है? पं... पंखा. बोलिए."

"हौ."

"हाँ नहीं बाबूजी. पंखा."

"हौ," हे म्हणायचे आणि डावा हात वर करून खरा पंखा दाखवायचे. ती हसून टाळी वाजवायची. एकदा मी तिला म्हटलं की यांच्याशी मराठीतून बोलून बघ, घरात आम्ही मराठीच बोलतो. ती म्हणाली, "आंटी, मुझे मराठी नहीं आती. वो तो आप ही कर सकती हैं."

ते खरंच होतं. हे जन्मभर तहसील कचेरीत बाबू होते. कचेरी हिंदीत, बाजार हिंदीत, शेजार हिंदीत. मी तुमसरहून लग्न होऊन इकडे मध्य प्रदेशात आले तेव्हा वाटलं होतं की काही कोसांवर तर माहेर आहे, काय बदलणार आहे. पण उंबरठा ओलांडला की बाहेर हिंदी सुरू व्हायची. आमची मुलगी शाळेत जायला लागल्यापासून हिंदीत उत्तरं देऊ लागली आणि आता भोपाळला नांदते, तिला मराठी समजते पण बोलायची लाज वाटते. तेव्हा घरात मराठी म्हणजे आम्ही दोघं. त्यातले एक आता नुसतं हौ म्हणत होते.

पंख्यांचं यांना वेड होतं, आणि ते बिरसाला असताना लागलं. नवी नोकरी, जंगलातलं गाव, सरकारी क्वार्टर. तिथे आमचा लग्नात आलेला पंखा एके दिवशी नुसता गुंगुं करायला लागला, फिरेना. एका पंख्यासाठी बालाघाटहून मिस्त्री कोण बोलावणार? यांनी तो खाली काढला, अंगणात पोतं अंथरून उघडला आणि पार बिघडवून ठेवला. मग बसने बालाघाटला गेले, एका दुकानात दिवसभर उभं राहून मिस्त्रीचं काम पाहिलं, परत येऊन पंखा जोडला, पुन्हा बिघडवला. असं करत करत एकदाचा तो फिरला. त्या दिवशी हे कचेरीत उशिरा गेले, कारण पंख्याखाली खाट टाकून पडले होते आणि उठायलाच तयार नव्हते.

पुढे लांजीला बदली झाली, मग लालबर्र्याला, मग बालाघाटला हे घर बांधलं. जिथे गेलो तिथे सामान उतरलं की चुलीच्या आधी पंखा लागायचा. शेजारपाजारचेही पंखे आणून द्यायचे. दिवाळीच्या साफसफाईत तर हे रजा टाकून पंखे उतरवायचे. पाती मी राखेने घासायची आणि हे वर स्टुलावर उभे राहून अखंड बोलत असायचे.

"अवं, मेन बंद केलं का?"

"केलं."

"पक्कं केलं ना? जाऊन पाय बरं एकदा. अवं, पेचकस दे. तो नाई, चपट्या तोंडाचा. अवं, कुठी गेली? स्टूल धर ना."

यांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. आमच्या वेळेला नवरे मारतही नसत. 'अवं' हीच माझी हाक. चहा हवा असला की एक अवं, चष्मा हरवला की दुसरं, रागातलं वेगळं, आणि माझ्या माहेरची काही वाईट बातमी सांगायची असली की एक अगदी हळू अवं यायचं. स्वयंपाकघरात पाठमोरी असले तरी त्या हाकेवरून मला पुढचं कळायचं. स्टूल धरून उभं राहायचा मला कंटाळा यायचा. तिकडे दूध उतू जायचं आणि इकडे यांचं चालूच असायचं.

तर यांना घरी आणलं आणि काही दिवसांत समोरच्या खोलीतला पंखा मंदावला. रेग्युलेटर पुरता फिरवला तरी पाती मोजता येतील असा फिरायचा. ऊन तर असं की दुपारी फरशीवर पाय ठेववत नव्हता. कूलर होता, पण त्याच्या गार ओल्या हवेने यांचा उजवा हात आखडायचा, म्हणून तो या खोलीत लावायचा नाही असं ठरलं होतं. यांच्या पाठीला घामोळं आलं. मी हातपंख्याने वारा घालत बसायची, तेवढ्यात कूस बदलायची वेळ व्हायची.

मुलीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "मम्मी, इलेक्ट्रिशियन बुला लो न."

बोलावला. लग्नांच्या रोषणाईची कामं सांभाळून बिचारा दुपारी आला. त्याने यांना नमस्कार केला, स्टूल लावलं, वर चढून पंख्याला हात घातला, आणि हे डाव्या हाताने दिवाणाची कड बडवायला लागले. "हौ, हौ, हौ, हौ." तोंड लाल झालं, मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. मला भीती वाटली की पुन्हा काही होतं की काय. मिस्त्री घाबरून खाली उतरला. मी त्याला पाणी दिलं आणि म्हटलं, भैया, बाद में बुलाऊँगी. तो भला माणूस होता, सामान उचलून गेला.

हे मग कितीतरी वेळ डोळे मिटून पडून होते. डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी येऊन कानात जात होतं. मी ते पदराने टिपलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "मी करू का?"

यांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं.

"सांगा तुमी, मी करतो. तुमी वरून सांगत होते, आता खालून सांगा."

"हौ," हे म्हणाले. हा हौ मला कळला. यांच्या हौमधले फरक तोवर माझ्या थोडेफार ध्यानात यायला लागले होते. आखूड आणि खाली पडणारा हौ म्हणजे हो. लांबवलेला, शेवटी चढलेला हौ म्हणजे नाही. दोन लागोपाठ आले की थांब.

दुसऱ्या दिवशी सकाळीच कामाला लागलो. दिवाणावरच यांना उशा लावून टेकवून बसवलं. यांची अवजारांची पेटी उघडून पुढ्यात ठेवली. मेन बंद करून आले. आले तर हे माझ्याकडे बघत डावी भुवई उंच करून होते. मी म्हटलं, "केलं बंद. पक्कं केलं." भुवई खाली येईना. मी परत जाऊन पाहून आले, तेव्हा आली.

मी पेटीतून एकेक वस्तू उचलून दाखवायची. "हा पेचकस?" लांब हौ. "हा?" आखूड हौ. साडी खोचून स्टुलावर चढले. पंख्याच्या डोक्यावर एक वाटी असते, दांडीला स्क्रूने धरलेली. ती सैल करून वर सरकवली तर आत धुळीचा गोळा आणि वायरींचा गुंता. त्यात बोटभर लांबीची एक पांढरी डबी. पंखा मंदावला की कंडेन्सर गेला, हे यांच्याच तोंडून ऐकलेलं. "हाच का कंडेन्सर?" हौ. नवा कंडेन्सर यांनीच कधीतरी आणून पेटीत ठेवलेला होता, असे जादाचे सुटे भाग यांच्याजवळ नेहमी असत.

जुना काढताना मी घाईने सगळ्याच वायरी मोकळ्या केल्या. खालून दोन हौ लागोपाठ आले, पण तोवर वायरी माझ्या हातात होत्या आणि कुठली कुठे होती ते मला सांगता येत नव्हतं. मग मी एकेक वायर धरून विचारत गेले. यांना ते इतक्या खालून नीट दिसतही नसावं. अंदाजानेच जोडल्या, चिकटपट्टी गुंडाळली, वाटी बसवली, खाली उतरले आणि मेन चालू केला.

पंखा फिरला. चांगला जोरात फिरला. मी दोन्ही हात कमरेवर ठेवून यांच्याकडे बघितलं. हे वर पाहत होते आणि यांच्या तोंडाची डावी बाजू वर चढत होती. मला कळेना. वारा का लागत नाही म्हणून मी पंख्याखाली गेले, हात वर धरला. वारा नव्हता. भिंतीवरचं कॅलेंडर गप्प होतं. उलट छताजवळची जळमटं हलत होती.

पंखा उलटा फिरत होता.

हे हसायला लागले. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा हसत होते. अर्ध्या तोंडाने, पण पोट हलवून, अगदी पूर्वीसारखं. मीही हसायला लागले. शेजारच्या भाभी दारात आल्या, "क्या हुआ?" म्हणाल्या, आणि पंख्याकडे न बघताच आम्हाला पाहून त्याही हसल्या. मग यांचं हसणं थांबेना. ते लांबलं, त्याचा सूर बदलला आणि हे रडत होते. छाती धपापत होती, तोंडातून आवाज येत होता. डॉक्टरांनी हेही सांगितलं होतं की या दुखण्यात हसू आणि रडू यांची वेस राहत नाही, एकातून माणूस दुसऱ्यात जातो आणि त्याला आवरता येत नाही. सांगितलं होतं, तरी मी घाबरले. यांचं डोकं छातीशी धरून बसले. भाभी हळूच निघून गेल्या. वर पंखा उलटा फिरतच होता.

संध्याकाळी मी पुन्हा चढले आणि लाल आणि काळ्या वायरीची अदलाबदल केली. मग वारा आला. यांनी डोळे मिटून घेतले. यांच्या कपाळावरचे केस हलत होते ते मी पाहत बसले.

त्यानंतर आमच्या घरात काहीतरी बदललं. सकाळी अंग पुसून, पेज भरवून झाली की हे डाव्या हाताने पेटीकडे बोट दाखवायचे. स्वयंपाकघरातला पंखा झाला, मधल्या खोलीतला झाला. बिघडलेले नव्हतेच, तरी उघडून पुसून लावले. पाती घासून मी यांच्या मांडीवर ठेवायची, हे डाव्या हाताने फडक्याने कोरडी करायचे. मी सतत बोलायची. आता वाटी काढली. आता हा स्क्रू निघून नाई राह्यला. काहून निघत नसन? गंजला असन का? पूर्वी जे बोलणं यांचं होतं ते सगळं माझं झालं होतं. वाचेची मुलगी म्हणाली, "बहुत अच्छा है आंटी, ऐसे ही बात करते रहिए. शब्द लौट सकते हैं."

शब्द लौट सकते हैं. हे वाक्य मी धरून बसले. कुठला शब्द आधी येईल असा विचार भाजी निवडताना करायची. मुलीचं नाव येईल का. पाणी येईल का. मनातून मला कुठला हवा होता ते मी कुणाला सांगितलं नाही.

पावसाळा लागल्यावर समोरच्या खोलीतला तोच पंखा घरघर करायला लागला. हे एक बोट कानाकडे नेऊन गोल फिरवायचे. बेअरिंग गेलं असणार. हे काम मोठं होतं, पंखा खाली उतरवावा लागणार होता. शेजारच्या भाईसाहेबांनी ड्यूटीवर जाण्याआधी तो हुकावरून काढून दिला. मी फरशीवर जुनी चादर अंथरली आणि यांनाही भिंतीला टेकवून खाली बसवलं. खाली बसायला यांना किती आवडलं ते चेहऱ्यावर दिसत होतं.

त्या दिवशीचं काम यांनी केलं, मी नुसती मदत केली. पंख्याचा गोळा यांनी डाव्या पायाच्या तळव्याने दाबून धरला आणि डाव्या हाताने पेचकस फिरवला. पेचकस निसटायचा. मी पुढे झाले की लांब हौ यायचा. म्हणून मागे बसून राहिले. सगळे स्क्रू निघाले, वरचं झाकण लाकडाच्या तुकड्याने ठोकून मोकळं केलं आणि आतून बेअरिंग निघालं. यांनी ते बोटात अडकवून कानाशी फिरवलं, मग माझ्या कानाशी धरून फिरवलं. आत वाळूसारखी खरखर होती.

"हौ?" यांनी विचारलं.

"हौ," मी म्हटलं. "गेलं हे. नवं आनतो मी. आता लगेच जाऊन येतो."

यांना परत दिवाणावर निजवायला भाभींना हाक मारली. त्या म्हणाल्या, तुम जाओ, मैं बैठती हूँ. जुनं बेअरिंग रुमालात बांधून मी बाजारात गेले. दुकानात गर्दी होती, माझ्या आधीचे सगळे घाईत होते. बेअरिंग मिळालं, जोडीने दोन घेतली, येताना यांना आवडतात म्हणून चारोळ्यांची पुडी घेतली. पाऊस भुरभुरत होता. मी बऱ्यापैकी खुशीत घरी आले.

भाभी दारातच उभ्या होत्या. म्हणाल्या, "भाभी, भैया को शायद कुछ तकलीफ हो रही थी. आपके जाने के बाद कुछ बोल रहे थे. मैंने पानी दिया, नहीं लिया. उल्टी जैसा लग रहा था क्या, मालूम नहीं."

"काय बोलत होते?" घाईत मी मराठीतच विचारलं, मग हिंदीत विचारलं.

"पता नहीं. अवं, अवं, ऐसा कुछ. दरवाजे की तरफ देखकर. मैंने पूछा पेट दुख रहा है क्या, तो चुप हो गए."

मी पिशवी दारातच टेकवली. भाभी आमच्या शेजारी इतकी वर्षं राहतात, पण मराठीचा एक शब्द त्यांना येत नाही. त्यांनी तो मनाने बनवला असण्याची शक्यताच नव्हती. माझा चेहरा बघून त्या म्हणाल्या, "क्या हुआ? कोई दवाई देनी थी?"

मी म्हटलं, नहीं, कुछ नहीं, ठीक है.

आत जाऊन यांच्याजवळ बसले. हे जागे होते. माझ्याकडे बघून तोंडाची डावी बाजू हलली. मी म्हटलं, "काय म्हनत होते? काहून बोलावत होते मले?"

"हौ."

"हौ नाई. ते दुसरं. भाभीले म्हटलं ते. म्हना ना एकदा."

हे माझ्याकडे बघत राहिले. ओठ जुळले, उघडले. "हौ," म्हणाले. मग पुन्हा प्रयत्न केला, डोळे ताणले, डावा हात मुठीत आवळला. "हौ. हौ." मला दिसत होतं की यांना शब्द माहीत आहे. तो कुठे आहे तेही माहीत आहे. हात पोचत नव्हता. शेवटी हे मूठ दिवाणावर आपटायला लागले तेव्हा मी ती मूठ धरली. म्हटलं, "राहू द्या. येईन तो. मी इथंच आहो. कुठी जातो मी?"

दुसऱ्या दिवशी आम्ही बेअरिंग बसवलं. वंगण लावून झाकण ठोकलं, पाती लावली, संध्याकाळी भाईसाहेबांनी पंखा हुकावर चढवला. तो आवाज न करता फिरला. पण त्या दिवसापासून मी बाहेर जाणं टाळायला लागले. भाजी दारावर घ्यायची. आंघोळीला गेले तरी नळ बारीक सोडायची, म्हणजे हाक आली तर ऐकू यावी. स्वयंपाकघरात मिक्सर लावायचा नाही, चटणी पाट्यावर वाटायची. कधी मुद्दाम दाराआड जाऊन उभी राहायची, यांना वाटावं की मी घरात नाही. वाचेच्या मुलीला सांगितलं. तिने तो शब्द विचारला, स्वतः म्हणून पाहिला, पत्त्याच्या मागे हिंदीत लिहून घेतला. "बाबूजी, आंटी को कैसे बुलाते थे? अवं?" तिने विचारलं. हे हसले आणि हौ म्हणाले.

श्रावणात यांना दुसरा झटका आला. सकाळी मी पेज भरवत होते, घास यांच्या तोंडातच राहिला. जिल्हा दवाखान्यात नेलं. मुलगी आणि जावई येईपर्यंत हे होते, डोळे मिटलेले, श्वास घोरल्यासारखा. मी कानाशी बोलत राहिले. काय बोलले ते आठवत नाही, पंख्यांचंच काहीतरी बोलले असेन, कारण दवाखान्यातला पंखा फिरताना डगमगत होता आणि मला वाटत होतं की यांना तो दिसला असता तर यांनी लगेच बोट दाखवलं असतं. मुलीने "पापा, पापा" म्हणून हात धरला. दुसऱ्या दिवशी दुपारी हे गेले. यांच्या तोंडून शेवटी हौसुद्धा निघाला नाही.

तेरवीपर्यंत घर भरलेलं होतं. गोंदियाकडचे, भंडाऱ्याकडचे नातेवाईक आले, त्या दिवसांत घरात खूप मराठी झाली. मग ते गेले. मुलीने मला भोपाळला नेलं. तिने फार केलं माझं. तिच्या घरातले पंखे रिमोटवर चालतात, नातीला ते रिमोट माझ्या हातात द्यायला फार आवडायचं. "नानी, दबाओ." ती जवळ यायची, बिलगायची, आणि मी तिला मराठीत काही म्हटलं की तिच्या आईकडे बघायची. मुलगी मला म्हणायची, इथेच राहा. मी हिवाळा काढला आणि परत आले. तिला वाईट वाटलं.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडी स्वयंपाकघरातला पंखा मंदावला. मी मिस्त्रीला बोलावणार होते, खरंच बोलावणार होते. फोनही हातात घेतला. मग ठेवला आणि पेटी काढली. मेन बंद केला, स्टूल लावलं, चढले. गुडघा आता दुखतो, पण चढता आलं. वाटी सरकवली, वायरी एकेक करून सोडवल्या. हात आपोआप चालत होते आणि तोंडही.

"आता हा स्क्रू पाहा कसा जाम बसला. निघते, निघते, थांबा जरासं. ही झाली मोकळी. आता लाल इकडं ठेवतो, नाईतर मंग मागच्यासारखं होईन..."

मागच्या दाराशी भाभी आल्या होत्या, धुणं वाळत घालायला. त्यांनी जाळीतून आत पाहिलं. "भाभी, किससे बात कर रही हो?"

मी स्टुलावरून वळून पाहिलं. एका हातात वायर, एका हातात चिकटपट्टी.

"किसी से नहीं," मी म्हटलं.

त्यांनी धुण्याची बादली खाली ठेवली. मग आत आल्या, ओले हात पदराला पुसले आणि येऊन माझं स्टूल धरलं. मी उरलेलं काम केलं. पंखा लावून खाली उतरल्यावर त्यांनीच गॅस पेटवला आणि चहा ठेवला. आम्ही ओट्याला टेकून उभ्या राहून चहा घेतला. मागच्या आंब्याच्या मोहोराकडे बघून त्या म्हणाल्या, इस बार आम में बौर कम आया. मी म्हटलं, हाँ, इस बार कम है.